सिलेवानीच्या घाटात तिसरा गिअर

या सदरात लोक लिहितात ते मी दर वेळी वाचतो, बायकोला वाचून दाखवतो आणि हसतो. कोणाला वडाखाली बाई दिसते, कोणाच्या खोलीत पंखा आपोआप फिरतो. पंखा आपोआप फिरत असला तर वायरमनला बोलवा, मासिकाला काय लिहिता... असं माझं मत होतं, आणि अजूनही तेच आहे.

वय एकाहत्तर. शिक्षण चौथी, ती पण मास्तरांनी दया केली म्हणून. पण चाळीस वर्षं मोहगाव-सौंसर भागातल्या विहिरींवरचे डिझेल इंजिन मी दुरुस्त केले. इंजिनाला भूत लागत नाही. इंजिनाला हवा लागते, डिझेल लागते आणि वेळेवर ऑइल लागते. तिन्ही असून बंद पडलं तर मालकाची चूक. एवढं मला समजते, आणि म्हणूनच जे झालं ते लिहून राहिलो. शुद्धलेखन संपादकांनी पाहून घ्यावं. मजकुराला हात लावू नये.

आमचं घर मोहगावच्या बाहेर, संत्र्याच्या बगीच्यात. घरी मी आणि शांता, दोघंच. मुलगा गजानन पांढुर्ण्याला नोकरीवर, बायको-लेकरं तिकडंच. बगीच्यातून बसच्या रस्त्यापर्यंत पायी जायला माझ्या गुडघ्यांना अर्धा तास लागतो, म्हणून गाडी आहे — सात सीटची, डिझेलची, पंधरा वर्षांची. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडी चांगली आहे.

तर मागच्या हिवाळ्यात या गाडीचा दम गेला. सपाट रस्त्यावर बराबर, पण चढ लागला की नुसता आवाज, ओढ नाही. डिझेल गाडीत टर्बो म्हणून एक पंखा असतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, तेव्हा गाडीला जोर येतो. त्याची एक बारीक शिटी असते. ती शिटी ऐकू येईना. आणि अशातच एक दिवस सिलेवानीच्या घाटात गाडी बंद पडली. शांताचं माहेर घाटाच्या वर, तिच्या भावाकडे निघालो होतो. गाडी थांबली, हँडब्रेक ओढेपर्यंत चार हात मागं आली, आणि मागं ट्रक. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला, उतरून मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. शांतानं त्या गजाननला फोनवर शब्दाला शब्द सांगितल्या.

रविवारी गजानन हजर.

"बाबा, चाबी द्या."

"कायले?"

"गाडी काढून टाकू. टर्बो गेला तिचा. नागपूरचा एक माणूस घेऊन जातो म्हणते."

"टर्बो गेला नाही."

"तुमाले कसं माहीत?"

"जसं तुले माहीत नाही, तसं मले माहीत हाय."

"मायले घेऊन घाटात मांगं मांगं येत होते तुमी. ट्रकवाला डुलकीत असता तं?"

पोरगा वाईट नाही. त्याची माय गाडीत होती. पण गाडी गेली म्हणजे काय, ते त्याला समजत नाही. शेजारचा मोटारसायकलवाला म्हणणार, 'बसा काकाजी, सोडून देतो.' सुनबाई म्हणणार, 'कुठं जायचं असन तं आधी सांगत जा.' मी कोणाच्या मागं बसून गेलेला माणूस नाही. मी म्हटलं, बिघाड मी काढतो. तो म्हणाला, मंग पुढच्या रविवारी सिलेवानीचा घाट चढून दाखवा — तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता. पहिल्या गिअरमध्ये तं रोडरोलर पण चढते. चढली तर चाबी तुमची, पुन्हा शब्द काढणार नाही. नाही चढली तर घाटातूनच मला फोन करा, मी नागपूरच्या माणसाला सांगतो.

"आन् पंच कोण?"

"मिलिंदभाऊ. थो खोटं बोलत नाही."

मिलिंद म्हणजे सौंसरचा मिस्त्री. पंचेचाळिशीचा माणूस, बसस्टँडच्या मागं त्याचं गॅरेज आहे. हात चांगला. दोष एकच, की लॅपटॉपवर भरवसा जास्त ठेवतो. मी कानावर ठेवतो. पाना इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, आत कोण रडून राहिलं ते ऐकू येते.

तो आठवडा मी गाडीखालीच काढला. हवेचा फिल्टर खोलला तर आत रुई. कापसाच्या दिवसांत आमच्याकडे रस्त्यावर जिकडे तिकडे कापसाच्या गाड्या, त्याची रुई उडते, ती सगळी फिल्टरमध्ये जाऊन बसलेली, उशी भरावी इतकी. शांताला वाटलं बिघाड सापडला. मला पण वाटलं. फिल्टर नवा टाकला, ढिम्म फरक नाही. मग मोठ्या नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं, की कुठून हवा फुटत असेल तर बुडबुडा येईल. एका क्लॅम्पजवळ बारीक बुडबुडा आला, तो क्लॅम्प आवळला. तरी तेच. टर्बोचा पंखा बोटानं हलवून पाहिला. ढिला नाही, मोकळा फिरते. म्हणजे टर्बो गेला नव्हता, हे मी आधीच सांगितलं होतं.

गुरुवारी मिलिंदकडे गेलो. त्यानं लॅपटॉप जोडला, एक चक्कर मारून आणली.

"काकाजी, हा टर्बोच्या हवेचा आकडा पाहा. गाडी नुसती उभी तं शून्य. चढावर एकच्या वर गेला पायजे. गाडी थंडी असते तवा वर जाऊन राहिला. गरम झाली का पडून राहिला."

"मंग?"

"मंग गरम झाल्यावर काही तरी नरम पडून राहिलं. या टर्बोच्या आत पाकळ्या हाय, त्याईले हा डब्बा हालवते, आन् या डब्ब्याले एक बारीक नळी येते. थे नळी पाहू द्या."

"तिकडचं मी पाह्यलं."

"एकदा पाहू तं द्या."

"मिलिंद, थे माह्या हातचं काम हाय. तिकडं पाह्याची गरज नाही."

त्यानं लॅपटॉप बंद केला. मोठ्या माणसाचा मान ठेवते तो. त्या दिवशी नसता ठेवला तर हा लेख झाला नसता.

रविवारी सकाळी नऊला निघालो. मी चालवायला, बाजूला मिलिंद मांडीवर लॅपटॉप घेऊन, मागं शांता. तिच्याजवळ संत्र्यांची पिशवी, भावासाठी लोणच्याची बरणी, आणि पाण्याचा स्टीलचा डब्बा. मी म्हटलं, तू कायले येतं? ती म्हणे, "गाडी चढली तं भावाले भेटीन. नाही चढली तं तुमचं तोंड पाहीन. माह्यं दोन्हीकून नुकसान नाही."

रामाकोना गाव सुटेपर्यंत गाडी मस्त. मग मिलिंद म्हणाला, आकडा पडून राहिला. घाटाच्या पायथ्याशी तर शून्यच झाला. मी गाडी कडेला घेतली, त्यानं बोनट उघडलं, मला न विचारता हात खाली घातला आणि एक वितळलेला काळा तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला.

"हे काय होय, काकाजी?"

"नळी होय."

"कायची?"

"...संत्र्याची."

आता ते सांगणं भाग आहे. पावसाळ्यात उंदरानं ती बारीक नळी कुरतडली होती. बगीच्यात ड्रिपच्या काळ्या बारीक नळीचा गुंडाळा पडलेला होता — झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडते ती. मी वीतभर कापून लावली. अशी घट्ट बसली की कंपनीवाल्यांनी यावं आणि पाहून शिकावं. आता ती थंड्या पाण्याची नळी, इंजिनाच्या आगीजवळ. रोज गरम झाली की नरम पडून आतल्या आत चिपकत होती. गार झाली की पुन्हा उघडत होती. आणि त्या दिवशी वितळून पडलीच. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या इंजिनांत मालकाची चूक शोधली मी.

शांता मागून म्हणाली, "म्हणजे टर्बो नव्हता गेला."

"नव्हताच," मी म्हटलं.

मिलिंदनं चावत असलेली कडुलिंबाची काडी नळी सुटलेल्या उघड्या भोकात ठोकली, नाहीतर तिथून हवा शिरून ब्रेकची ओढ गेली असती. मग हात पुसत म्हणाला, "चला वापस. सौंसरले चांगली नळी टाकतो, पुढच्या रयवारी चढू."

"गजाननले काय सांगशीन?"

"नाही चढली म्हणून सांगीन. खरं थे सांगा लागन."

"मंग चढतो."

"काकाजी, नळीच नाही. टर्बोले हुकूम कोण देईन? आकडा शून्य ऱ्हाईन. पयल्या गिअरमंदी मुंगीसारखी जाईन, तिसऱ्यात चौथ्या वळणावर मरन."

"मरू दे. थांबली तं फोन लाव."

शांताला म्हटलं उतर, तू इथं बस. ती उतरली नाही. मागं कोणी नाही असं पाहून घेतलं, खालून जोरात आणली, दुसरा, तिसरा. पहिलं वळण जोरावर गेलं. दुसऱ्याला आवाज जड झाला. तिसऱ्या वळणावर गाडी अशी कण्हायला लागली की हात आपोआप गिअरवर गेला. खाली दुसरा टाकला असता तर पैज तिथंच संपली असती. नाही टाकला. आणि त्या वेळी माझ्या तोंडातून निघालं — मी म्हटलं नाही, निघालं — "हं रे चंद्या... हं बेटा... चाल." आणि जिभेनं टचकारा.

चंद्या आमचा बैल. कपाळावर चांदवा होता म्हणून चंद्या. मोटार नव्हती तेव्हा शांताला माहेरी याच घाटानं बैलबंडीत नेत होतो. चंद्या उजव्या अंगाला जुंपलेला. चढ लागला की दुसरा बैल मान टाकायचा, चंद्या एकटा बंडी ओढायचा. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली. त्याच्या गोठ्यातच आता गाडी उभी राहते. म्हणजे जुन्या सवयीनं तोंडात आलं असेल, माणसाचं तोंड आहे.

मिलिंद म्हणाला, "काकाजी. आकडा आला."

"किती?"

"एक. एकच्या वर. कसा आला?"

मी कसं सांगणार. शिटी ऐकू येऊन राहिली होती, एवढं खरं. गाडी तिसऱ्यात पुढं निघाली, सीटला पाठ लागली. मी खुश होऊन गप्प बसलो, तर आकडा खाली. मिलिंद लॅपटॉपकडे पाहून म्हणाला, "पुन्हा म्हणा."

"काय म्हणू?"

"जे म्हणत होते थे."

"मी काही म्हणत नव्हतो."

"काकाजी, पडून राहिला आकडा, म्हणा ना."

म्हटलं. आला. दोन वळणं मी 'हं रे, चाल रे' करत होतो, आणि पंचेचाळीस वर्षांचा शिकलेला मिस्त्री बाजूला बसून आकडे वाचत होता. एकदा म्हणाला, "स्टिअरिंग उजवीकडं कायले ओढून राहिले?"

"मी नाही ओढत."

"मंग गाडी कशी जाऊन राहिली?"

मागून शांता म्हणाली, "त्याले थीच सवय होती." तिला कोणी विचारलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी डावीकडे धरून ठेवलं होतं, मनगटं दुखेपर्यंत.

मग माझा घसा बसला. थंडीचे दिवस, वरून तंबाखू. आवाज निघेना, आकडा अर्ध्यावर आला, गाडी पुन्हा कण्हायला लागली. तेव्हा शांतानं माझ्या सीटवर हात ठेवला आणि पुढं वाकून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चंदू, चाल बाप्पा. थकला का?"

मिलिंद म्हणे, "दीड."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. बैल मी घेतला, जुंपला मी, चढावर उतरून चाकाला खांदा मी लावला. ही बसल्या जागी शिळी भाकर चारायची. आणि माझ्या हाकेला एक, तिच्या हाकेला दीड. मी बसक्या आवाजात म्हटलं, "आता तूच चालव."

"चालवते ना," ती म्हणाली. "तुमी फक्त स्टिअरिंग धरून बसा."

वरच्या टप्प्यात एका वळणावर, जिथं आता एका दुकानाची जाहिरात रंगवली आहे, तिथं गाडी थांबली. बंद पडली नाही, इंजिन चालू. मी ब्रेक मारला नाही. मागं पण आली नाही. चढावर, गिअरमध्ये, क्लच न दाबता उभी, इंजिन गुरगुरते आणि गाडी हलत नाही. मिलिंदनं माझे पाय पाहिले. मग तो लॅपटॉप पाहायचा थांबला.

"पाणी," शांता म्हणाली. "येथी झरा होता. आपण येथी पाजत होतो त्याले."

"रेडिएटर गरम झालं असन," मी म्हटलं.

"नव्वद हाय," मिलिंद म्हणाला, "नव्वद बराबर असते."

शांता खाली उतरली. डब्ब्याच्या झाकणात पाणी ओतलं आणि गाडीच्या पुढं, नंबरप्लेटच्या खाली ठेवलं. आम्ही दोघं पुरुष समोरच्या काचेतून पाहत बसलो. मागून एक बस आली, बाजूनं निघून गेली, कंडक्टर वळून पाहत होता. मला लाज वाटली. थोड्या वेळानं ती झाकण उचलून परत आली. झाकण रिकामं होतं. तिथं उतार आहे, पाणी सांडलं असेल. मी तसंच मानतो.

"चाल," ती म्हणाली, आणि गाडी चालली. तिसऱ्यात. शेवटपर्यंत.

वरच्या सपाटीला मी गाडी थांबवली. मिलिंदनं बोनट उघडून पाहिलं. लिंबाची काडी जिथं ठोकली होती तिथंच. टर्बोच्या डब्ब्याला नळी नाही. त्यानं डब्ब्याची दांडी बोटानं हलवून पाहिली, बोनट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "काकू, एक संत्रं द्या." दोन खाल्ली.

साळ्याकडे जेवलो. उतरताना काही झालं नाही, उतारावर तसाही जोर लागत नाही. सौंसरला मिलिंदनं बरोबर नळी टाकली, चाकांचं अलाइनमेंट पण मशीनवर पाहिलं — उजवीकडे का ओढत होती म्हणून. मशीन म्हणे सरळ आहे.

गजानन गॅरेजवरच आला होता. आधी मिलिंदला विचारलं, "चढली?"

"चढली."

"तिसऱ्यात?"

"तिसऱ्यातच. एका ठिकाणी थांबली."

"बंद पडली?"

"नाही... थांबली." मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं.

"बिघाड काय होता?"

मिलिंद नवी काडी चावत राहिला. त्यानं सांगितलं नसतं, मला माहीत आहे. 'नळी गेली होती' एवढंच म्हणून सोडून दिलं असतं. पण पंच म्हणून त्याला खोटं बोलायला लावायचं नव्हतं, आणि त्या दिवशी घाटात इतकं काय काय तोंडातून निघालं होतं की अजून एक निघालं.

"ड्रिपची नळी लावली होती म्या. थे वितळली. माह्यीच चूक होय. थांबली पण. चाबी घे."

मी चाबी पुढं धरली. आयुष्यात पहिल्यांदा गजाननला माझ्या तोंडून असं ऐकायला मिळालं, तो चाबी घ्यायचंच विसरला. मग हळूच विचारलं, "नळी वितळली, मंग घाट कसा चढली?"

मिलिंदनं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर रेघ होती. शून्य, मग वर, मग खाली, मग वर. गजाननला त्यातलं काही समजलं नाही. मिलिंद बोटानं दाखवत गेला, "हे काकाजी बोलले. हे काकाजी गप्प बसले. हे काकू बोलल्या."

गजाननानं मायकडे पाहिलं. तिनं सगळं सांगितलं, झाकणातल्या पाण्यासकट. तो लहान होता तेव्हा चंद्याच्या पाठीवर बसायचा. मग त्यानं माझी मूठ आपल्या हातानं बंद केली, चाबी आतच.

"चाबी बाबांजवळच राहू द्या," तो मिलिंदला म्हणाला, जसा मी तिथं नव्हतोच. मग मला, "पण घाटात जाल तं मायले घेऊन जाजा. एकटे नका जाऊ."

"ट्रकवाल्याच्या टाइमले तं म्हणत होता का मायले कायले नेलं."

"तवा मले माहीत नव्हतं," तो म्हणाला, "गाडी कोण चालवते थे."

आता गाडी नळीवर चालते, आकडा बरोबर येतो. मी एकदा एकट्यानं मुद्दाम नळी काढून काडी ठोकून पाहिली, मोहगावच्या साध्या चढावर. हाका मारल्या, टचकारा मारला. काही नाही. पहिल्या गिअरमध्ये घरी आलो. मिलिंदजवळ ती रेघ अजून आहे. कोणाला दाखवत नाही, म्हणते धंदा बसन. वाचकांत कोणी डिझेलचा जाणकार असेल तर त्यानं कळवावं की नळी नसताना टर्बोला हुकूम कुठून गेला. सेन्सर खराब होता असं कळवू नये. सेन्सर खराब असता तर आकडा चुकला असता, गाडी चढली नसती. आणि टर्बो गेला होता असं तर मुळीच कळवू नये.

मी भुताखेतांना मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. फक्त आता घाट लागला की शांता काच थोडी खाली करते आणि बाहेर पाहत हळू काहीतरी बोलते. काय बोलते ते मी विचारत नाही. गाडीतल्या गाण्याचा आवाज तेवढा कमी करतो.